माळ्याचं माप

बेबीचा पुण्याहून फोन आला. "आई, आपला माळा किती घनफूट आहे, मोजून सांग ना. आमचं सामान मावंल का तिथं?"

काहून, ते तिनं सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. विचारायला अक्कल लागते, माझी तर आनंदानंच उडाली होती. नक्कीच जावयाची बदली जबलपूरला झाली! चार वर्षांत पोरीनं इथलं, अधारतालचं घर पाहिलं नव्हतं. नुसता फोन, "आई, सुट्टीच नाही मिळून राहिली."

मी शिडी लावली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण चढली. छपराच्या कवेलूंखाली वाकून वाकून बेबीच्या बाबांच्या टेपानं मोजलं. छत्तीस वर्षं फॅक्टरीत पुर्जे तपासले त्यांनी, आता टेप तेवढा मागे राहिला. लांबी बारा फूट, रुंदी दहा, उंची पाच. गुणाकार केला, सहाशे! लगेच फोन लावला.

"सगळं मावते! पलंगही आण."

"पलंग विकला, आई. खोकेच आहेत. ट्रकवाला चारशे घनफूट म्हणून राहिला."

"अच्छा. अन् तुम्ही कधी येता?"

"आम्ही नाही येत, आई. विनयला कॅनडात नोकरी लागली. तीन वर्षं. तोवर सामान फक्त तुझ्याकडे..."

"मी काय गोदाम आहे का?" म्हटलं अन् फोन बंद केला. मोबाइल मेला आपटताही येत नाही, गादीवर फेकला. मग लय रडली. सामान येते अन् पोरगी जाते, हे कोणतं माय येणं?

दुपारी लहानूभाऊ आले. बेबीच्या बाबांसोबत फॅक्टरीत एकाच टेबलावर काम केलेले, दर रविवारी माझ्या हातचा चहा प्यायला येतात. जयभीम झाला, शिडी दिसली, मी सारं सांगितलं.

"वहिनी, उंची कुठं धरली?"

"मधात. जिथं सगळ्यात जास्त आहे तिथं."

"अन् कडेला?"

कडेला छप्पर फरशीला टेकते. तिथं मांजरही वाकून जाते.

"मग निम्मंच झालं न! तीनशे. मोतीराम काय सांगायचा, विसरल्या?"

नवऱ्याचं बोलणं कशी विसरीन? फॅक्टरीचा नियम होता, ज्यानं पुर्जा बनवला त्यानं तो तपासायचा नाही. यांनी तो घरात आणला. लहानपणी बेबी भिंतीला टेकून स्वतःच स्वतःची उंची मोजायची, टाचा उचलून. हे तिच्या हातातून टेप काढून माझ्याकडे द्यायचे. म्हणायचे, "ज्याले माप पाहिजे, त्यानं टेप धरायचा नाही. डोळा लबाडी करते."

संध्याकाळी मीच फोन केला. नाक वर ठेवून बोलली.

"माप चुकलं. तीनशेच आहे. तुझे शंभर फूट मावत नाहीत."

"मग खाली माझ्या खोलीत ठेव."

"नाही ठेवत. तिथं तुझी खाट आहे. रोज चादर झटकते मी तिची."

ती हळूच म्हणाली, "पहिलं माप कोणी घेतलं होतं, आई?"

खोटं बोलता आलं असतं. "मीच."

"बाबांच्या टेपानं?"

"हं."

"तरीच दुप्पट निघालं," ती म्हणाली. "ट्रक राहू दे. विमान पुढच्या महिन्यात आहे. आधी मी येते, आठ दिवस. मीच मोजते माळा. मावलं तर सामान, नाही तर विकून टाकू."

माझं काळीज उड्या मारून राहिलं होतं, पण बोलली वाकडंच. मेली खोडच आहे माझी.

"तू नको मोजू. लहानूभाऊ मोजतील."

"काहून?"

"तुले काय पाहिजे ते मले काय माहीत? खोके ठेवून पळायचं असंल, तर तुलेही सहाशेच दिसतील."



"मले तीनशेही नाही दिसणार, आई, पायच निघून नाही राहिला माझा," ती म्हणाली अन् रडायलाच लागली. "लहानूकाकांनाच बोलाव. माझ्या हाती टेप नको देऊ."