गुरुवारचा कप्पा

मी एक डबी. गोळ्यांची. सात कप्पे, सात झाकणं, प्रत्येकावर एकेक वार छापलेला. मुकाट्यानं पडून राहणं हाच माझा धर्म. पण आता अगदीच राहवेना, म्हणून बोलतेय.

साच्यातून निघाले आणि औषधांच्या दुकानात काउंटरवर येऊन बसले. तिथं माणसं पाहावीत! एक काका यायचे. "डॉक्टरांनी पाच दिवसांच्या लिहिल्यात. तुम्ही दोनच दिवसांच्या द्या, बरं वाटलं तर बाकीच्या वाचल्या." दुकानदार म्हणायचा, "काका, दाढी पण अर्धीच करून उठता का?" काका ओशाळून हसायचे आणि दोनच दिवसांच्या घेऊन जायचे. मलाही हसू यायचं. आपल्या नशिबी याहून पुढचा नमुना आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

मला नेलं एका शिंप्याच्या बायकोनं. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं लोक म्हणायचे. पण दारूनं त्या हाताची पार रया घालवली. एकदा त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. तेव्हा बायकोनं निक्षून सांगितलं, "अहो, यापुढे एकदा जरी पिऊन आलात, तर मी मुलीला घेऊन माहेरी जाईन. मग बसा तो कोट घालून!"

मास्तर हादरले. डॉक्टरांकडे गेले. ओढ कमी करणारी गोळी मिळाली, रोज एक. आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडे बोलायला जायचं ठरलं. मास्तरांचं दुकान गुरुवारी बंद, म्हणून वार ठरला गुरुवार.

घोटाळा तिथंच झाला. बाकीचे कप्पे रिकामे व्हायचे, पण गुरुवारची गोळी जागची हलेना. तिसऱ्या आठवड्यात बायकोनं विचारलं. मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले, "अगं, गुरुवारी बाईंशी तासभर बोलतो ना? तेच औषध. त्या दिवशी गोळीला सुट्टी."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? एका काजाला कुणी दोन बटणं लावतं का?"

आणि गंमत बघा, तिलाही पटलं! ती एक गोळी माझ्या पोटात भाडेकरूसारखी ठाण मांडून बसली. डॉक्टर विचारायचे, "गोळ्या चालू?" मास्तर म्हणायचे, "हो." बाई विचारायच्या, "नियमित?" "एकदम!" मास्तरांच्या मते यात खोटं काहीच नव्हतं. दुकानाला साप्ताहिक सुट्टी असली म्हणून ते अनियमित होतं का? मी आतल्या आत नुसती जळत होते.

सुट्ट्या वाढत गेल्या. गुरुवारला शुक्रवार जोडला, मग बुधवार. आणि एका शुक्रवारी मास्तर पिऊन घरी आले. बायकोनं कपडे बॅगेत भरायला घेतले. मास्तरांनी मला उचलून भिंतीवर आपटलं. "या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही!"

अरे, घेतल्यास तर उपयोग होईल ना! माझं एक झाकण तुटलं, न घेतलेल्या गोळ्या फरशीभर झाल्या. बायकोनं त्या वेचून परत माझ्यात भरल्या. म्हणाली, "ही डबी घेऊन बाईंकडे चला. शेवटचं."

बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. सुट्टीची कथा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "चूक आमचीही आहे. मला वाटलं डॉक्टरांनी समजावलं असेल, त्यांना वाटलं मी. मास्तर, गोळी ओढ आवरते. पण भांडण झालं, गिऱ्हाईक बोललं, की पाय गुत्त्याकडेच का वळतात, ते इथं बोलूनच सापडतं. दोन्ही हवं. कळलं?"

"कळलं. गोळी रोज. गुरुवारीसुद्धा."

आज तो गुरुवार. बॅग अजून दाराशी भरलेलीच आहे. सकाळी मास्तरांनी माझा कप्पा उघडला, गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायले. मला भरून आलं. वाटलं, सुटलो सगळे!

मग मास्तर उशी ओढून निवांत आडवे झाले आणि हाक मारून म्हणाले, "अगं, आज गोळी घेतली बरं का. म्हणजे आज बाईंकडे जायला नको!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबलाय. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी जवळपास राहत असेल तर हात जोडते, या माणसाच्या पायात चपला सरकवा आणि त्याला बाईंच्या दारापर्यंत पोचवून या. वेळ साडेदहाची आहे आणि दहा वाजून गेलेत.