भट्टीची भिंत

"खरं तेच सांग, अंबू. पन साहेब इचारतील तेवढंच सांग. त्यान्ला लय येळ नसतो."

हौशीराम हे बोलला होता जेठ महिन्यात, कचेरीच्या पायरीवर. अंबूबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. नवऱ्यानं आपण होऊन खरं बोल म्हणावं, याहून बाईचं भाग्य ते काय, असंच तिला वाटलं होतं.

लोणावळ्याच्या स्टेशनामागची त्यांची आळी मोडायची ठरली होती. मुंबईच्या शेटलोकांच्या मोटारी बंगल्यांकडे जाताना त्या बोळात अडत. रस्ता रुंद व्हायचा होता आणि कडेनं दगडी गाळ्यांची नवी पेठ उठायची होती. ज्याचं घर पडेल त्याला घराच्या बदल्यात एक गाळा. भाडेकऱ्याला काही नाही, त्यानं आपली सोय आपण बघावी. कोण मालक नि कोण भाडेकरू, हे ठरवायला साहेब घरोघरच्या जबान्या घेत होते.

अंबूबाईच्या भिंतीला भिंत लावून जैनबची भट्टी होती. खंडाळ्यापासून वलवणपर्यंत बंगल्यांवर तिचाच पाव जाई. नवरा नूरमहंमद गेल्यावर दिराला, अब्दुलला, हाताशी धरून तिनं भट्टी चालू ठेवली होती. जागा मूळची हौशीरामच्या बापाची. प्लेगच्या साली सगळी आळी माळावर झोपड्या घालून राहिली. अंबूबाईची सासू धोंडाबाई गाठ आल्यानं घरातच पडून होती. जैनबचा सासरा तेवढा मागं राहिला आणि त्यानं तिला पाणी पाजलं, पेज पाजली. धोंडाबाई वाचली. उठून बसल्यावर तिनं नवऱ्याला सांगून घरालगतची जागा त्याला दिली. कागद नाही, शिक्का नाही. दिली म्हणजे दिली. तेव्हापासून दर पाडव्याला जैनबकडून नारळ आणि पायलीभर आंबेमोहोर तांदूळ येई, आणि इकडून खण आणि पुरणाच्या पोळ्या जात. सासूमागं अंबूबाईनं एकही पाडवा चुकवला नव्हता.

अंबूबाईनं लाख वातींचा नेम धरला होता. रोज स्नान करून मोजून वाती वळायच्या, मगच तोंडात पाणी घालायचं. पण लोणावळ्याच्या पावसात मीठसुद्धा वितळतं, तिथं कापूस कसा कोरडा राहायचा? ती सुपात वाती पसरून सूप भट्टीच्या भिंतीशी टेकवी. पलीकडून जैनब हाक मारी, "वैनी, तुमच्या देवाला आमच्या पावाचा वास येतोय का?"

"येतोय की. म्हनून तर परसन्न हाय."

आळी पडणार हे कळलं तेव्हा जैनब दारात येऊन उभी राहिली होती. "नव्या पेठंत आमी कुटं?"

"माज्या भिंतीला. आता हायस तशीच. माजा शब्द हाय."

म्हणून तर कचेरीत साक्षीदार कोण, असं विचारल्यावर जैनबनं दुसरं नाव घेतलंच नाही. "अंबूवैनी सांगतील ते मला कबूल. त्या खोटं बोलायच्या न्हाईत," म्हणाली आणि अंगठा उठवून बाकावर जाऊन बसली.

साहेबांनी वर न बघता विचारलं, "जागा मूळची कुणाची?"

"आमच्या मामंजींची."

"त्या जागेवर राहण्याबद्दल हे लोक तुम्हाला काही देतात?"

"देत्यात की. दर पाडव्याला नारळ आन् पायलीभर तांदूळ."

खणाचं, पोळ्यांचं, प्लेगच्या सालाचं तिच्या ओठावर आलं होतं. पण साहेबांनी पान उलटलं, हौशीराम हलकेच खाकरला, आणि ती पदर सावरून मागं सरली.

श्रावणात यादी लागली. हौशीरामच्या नावापुढं दोन गाळे होते, दोन्ही रस्त्याच्या तोंडाचे. जैनबच्या नावापुढं लिहिलं होतं, 'भाडेकरू. वार्षिक भाडं तांदूळ व नारळ.'

नळावर समोरची रतनबाई म्हणाली, "व्रतं करावी तर अशी बाई. आमी नुसत्याच उपाशी मेलो."

अंबूबाईची घागर भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही. घरी आली तर जैनब उंबऱ्याबाहेर उभी. रोज आत यायची, आज आली नाही.

"वैनी, येक इचारायचं व्हतं. मी आनत व्हते ते भाडं व्हतं का?"

"न्हाई गं."

"मग सायबाला तसं का न्हाई बोललात?"

"मला इचारलंच न्हाई."

जैनबनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "मला तरी कुटं कुनी इचारलं," म्हणाली आणि गेली. भिंत रोजच्यासारखी ऊन होती. पण त्या दिवशी अंबूबाईला सूप तिथं टेकवावेना. वाती दमटच राहिल्या.

दुपारी जेवताना तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. "तुमास्नी म्हाईत व्हतं, सायेब काय इचारनार ते."

"कारकुनाशी बोलनं झालंतं." हौशीरामनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "तू खोटं बोललीस का? न्हाई. मग जिवाला कशाला लावून घेतीस?"

"माज्या तोंडून बोलवून घेतलंत."

"मंग कुनाच्या? मी बोललो असतो तर सायबानं चार सवाल जास्त केलं असतं. तुज्यावर इस्वास बसतो लोकांचा." तो हे कौतुकानं बोलला, आणि तेच तिला फार लागलं. "पुण्य तू बघ, परपंच मी बघतो. आन् जैनबला काय मी रस्त्यावर टाकतोय? दुसरा गाळा तिलाच भाड्यानं दिऊ. मंग तर तुजं बोलनं अगदीच खरं ठरंल."

तो हसला. तिनं आमटी वाढली. अठ्ठावीस वर्षं या माणसाच्या नावानं तिनं उपास केले होते. आज त्याच्याकडं बघताना देवळात चुकून भलत्याच दगडाला पाणी घातल्यासारखं तिला झालं.

"हरकत घेता येती म्हनं," ती हळूच म्हणाली.

"शुक्रवारपातूर. सायेब खंडाळ्याच्या बंगल्यात हायेत." हौशीरामचा हात ताटात थांबला. "पन कुनी उलटं सांगितलं, तर मी सायबाला फशिवलं असं व्हईल. दोन्ही गाळे जातील. मंग तू आन् तुज्या वाती, बसा माळावर. समजून रहा."

ती समजून राहिली. बुधवार गेला, गुरुवार गेला. पोथी वाचताना ओळी सुटत होत्या. जैनबकडून हाक आली नाही. अब्दुल कुरवंड्याच्या बाजूला जागा बघून आला, असं रतनबाईकडून कळलं. एवढ्या लांबून बंगल्यांवर सकाळचा पाव वेळेत कसा पोचणार, हे अंबूबाईलाही कळत होतं.

शुक्रवारी हौशीराम दाढी करायला न्हाव्याकडं गेला. अंबूबाईनं तुळशीला पाणी घातलं, त्या दिवसाच्या वाती वळल्या आणि मग घोटभर पाणी प्याली. भाकरी फडक्यात बांधून चुलीशी झाकून ठेवली, कालवणावर ताटली ठेवली. खंडाळ्याला ती आजवर एकटी कधी गेली नव्हती. इरलं खुंटीवरून काढलं, डोक्यावर घेतलं.

जैनबच्या दारावरून जाताना आतून पीठ मळल्याचा आवाज येत होता. तिनं हाक मारली नाही. आधी काम व्हायला हवं होतं, सांगणं मागून. बारीक पाऊस लागला होता. आळीच्या तोंडाशी ती डाव्या हाताला वळली आणि खंडाळ्याच्या रस्त्यानं चालू लागली.