दोन टोल्यांचं हॉटेल

हॉटेलचं ते पितळी दांड्याचं, गोल फिरणारं दार मिस्त्रींनी दोनदा पार केलं. एकदा आत आले आणि ते कशावर फिरतंय हे बघण्याच्या नादात पुन्हा बाहेर गेले. दारवान हसला नाही. त्याने दार धरून ठेवलं आणि म्हणाला, "सावकाश या साहेब, शंभर वर्षं फिरतंय, पळून जाणार नाही."

मिस्त्रीणबाईंना मात्र हसू आवरेना.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने पाण्याकाठच्या या हॉटेलात दोन रात्रींची खोली आणि दोन्ही संध्याकाळी बोटीची फेरी ठरवून दिली होती. मिस्त्रींचा जन्म गेला प्रवासी बोटींच्या पोटात, इंजिनापाशी. तिथे खिडकी नसते. वर चालकाने दोर ओढला की खाली घंटा वाजायची. एक टोला म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. या हॉटेलच्या धक्क्याला रोज दोन टोले पडायचे. ज्याच्या घुमटाचं सारं गाव कौतुक करायचं, ते हॉटेल मिस्त्रींच्या लेखी दोन टोले होतं, संपलं.

आणि बाई? नव्या नवरीच्या उत्साहाने त्या रोज संध्याकाळी काठावर जाऊन उभ्या राहायच्या. बोट जायची, वरचे लोक हात हलवायचे. सगळी बोट दिसायची, नवरा तेवढा दिसायचा नाही.

खोलीत पाऊल टाकलं आणि गाभाऱ्यात बोलतात तसा बाईंचा आवाज आपोआप खाली आला. माणसाच्या दुप्पट उंचीच्या खिडक्या. पावलांनी झिजून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन. किल्लीला मुठीएवढा पितळी गोळा.

"एवढा जड कशाला हो?"

"खिशात राहून घरी जाऊ नये म्हणून," मिस्त्री गोळा तळहातावर तोलत म्हणाले. "करणाऱ्याला डोकं होतं."

बाहेर जिन्यात एक म्हातारी कठडा पुसत होती. घाई नाही की कंटाळा नाही, जपमाळ ओढावी तसा एकेक गज. बाईंनी मनातल्या मनात तिला हात जोडले. वास्तू नुसत्या चुन्या-दगडावर उभी राहत नाही, अशा हातांवर राहते.

पहिल्या संध्याकाळी बोट सुटली, आणि मिस्त्री "आलोच" म्हणून जे गेले ते फेरी संपल्यावर उगवले. बाहीला तेल, तोंडावर आनंद.

"अगं, आमच्या वेळचंच इंजिन आहे! बोटीला रंग तेवढा नवा दिलाय, घंटासुद्धा तीच!"

"आणि पाण्यातून हॉटेल कसं दिसलं?"

"दोन टोले पडले की. आलं असणार."

बाईंनी ती रात्र जाऊ दिली. सकाळी मात्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, आजची एकच फेरी उरली. चाळीस वर्षांत काही मागितलं नाही. आज मागते. बोट सुटल्यापासून लागेपर्यंत माझ्या शेजारी बसा."

"एवढंच?"

"एवढंच म्हणता, जमतंय का ते बघा!"

मिस्त्री बसले. शिक्षा झालेल्या पोरासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून. खाली इंजिन धडधडलं की कान तिकडे जायचा, पण बूड हललं नाही. बोट वळली. कलत्या उन्हात घुमट तांब्यासारखा तापला, एकेक खिडकी पेटत गेली.

"बघा ना हो वर!"

मिस्त्री कठड्यावरून खाली बघत होते. बोटीच्या कुशीतून, इंजिन गार करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार मनगटाएवढी असायला हवी. ती करंगळीएवढी झाली होती. पूर्वी खलाशी वरून धारेवर नजर ठेवायचा आणि खाली ओरडायचा. आजचा खलाशी पाहुण्यांचे फोटो काढून देत होता.

मिस्त्री अर्धवट उठले. बाईंना वाटलं, गेले. आता हे काही वर येत नाहीत. अडवावं तरी कसं? बोटभर माणसं.

मिस्त्री थबकले, बाईंचा हात घट्ट धरला, मटकन खाली बसले आणि बसल्या जागेवरून गरजले, "खलाशी! धार बारीक!"

खलाशाने एकदा खाली पाहिलं आणि तो चालकाकडे पळत सुटला. टण्. टण्. दोन टोले पडले. बोट थांबली. मिस्त्रींनी सवयीने मान डोलावली आणि आयुष्यात पहिल्यांदा, दोन टोल्यांपाठोपाठ, वर पाहिलं.

समोर सगळं हॉटेल उभं होतं. कमानी, सज्जे, घुमट, आणि तेच सगळं पुन्हा पाण्यात उलटं.

त्यांची नजर घुमटावरून पाण्यात उतरली आणि पुन्हा वर चढली.

"वरून धार दिसते हे ठाऊक होतं," शेवटी ते म्हणाले. "एवढं सगळं दिसतं, हे कुणी बोललंच नाही."

"मी चाळीस वर्षं काय सांगत होते मग?"

खलाशी धापा टाकत आला. "काका, पाणी आत घेणाऱ्या जाळीत शेवाळ अडकलंय. साफ करतोय, पण झाकणाचा चौथा नट निघेना!"

बाईंनी आपणहून हात सोडला. "जा. माझं समाधान झालं."

मिस्त्रींनी तो हात पुन्हा धरला. "चौथा नट नेहमीच अडतो. तेल सोड आणि दहा मिनिटं थांब. ठोकू नकोस."

खलाशी गेला. रंगलेलं कीर्तन संपूच नये असं वाटावं, तसं ऊन घुमटावर रेंगाळलं होतं.

"लगेच काढायचीही एक युक्ती आहे," मिस्त्री बाईंच्या कानाशी येऊन पुटपुटले, "पण ती बोट लागल्यावर सांगेन त्याला."