सायीचा की बदामी?

मित्रांनो, मी एक जुना, चार बोटांच्या रुंदीचा रंगाचा ब्रश आहे. माझे केस विरळ झालेत आणि दांड्यावर इतके रंग वाळलेत, की खालचं लाकूड मलाही आठवत नाही. नवा होतो तेव्हा फार ताठ होतो. रंगारीबाईंच्या हाती पडलो आणि हळूहळू मऊ झालो. पुढे रोलर आले. मग मी बादलीच्या तळाशी वाळत पडू लागलो.

अशातच बाई मला नानांच्या घरी घेऊन गेल्या. नाना जुने ट्रकचालक. जिन्यावरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "आता बिनधास्त चाला." पण नानांनी भीतीने पलंग सोडला नाही. कुणी उठवायला गेलं की म्हणायचे, "उद्या बघू."

निदान खोली तरी हसरी व्हावी म्हणून त्यांच्या लेकीने ती रंगवायला काढली. बाईंनी पलंगासमोरच्या भिंतीवर माझ्याकडून दोन पट्टे ओढून घेतले. एक सायीचा, दुसरा फिकट बदामी.

"सायीचाच छान," माई, म्हणजे नानांची बायको म्हणाली.

"आई, तो पिवळट दिसतो. बदामीच!" लेक म्हणाली. "नाना, तुम्ही सांगा."

"दोन्ही सारखेच. डोकं खाऊ नका."

"सारखे?" माई कडाडली. "डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

झालं! नानांचा पारा चढला. "माझ्या डोळ्यांना नावं ठेवतेस? दाट धुक्यातून ट्रक आणलाय मी!"

त्यांनी पांघरूण भिरकावलं. आधी पलंगाचा कठडा धरला, मग खुर्ची, आणि मग काहीच नाही. तरातरा भिंतीशी येऊन त्यांनी ओल्या रंगावर पंजा टेकवला.

"हे बघ, सायीचा उन्हात फिका पडेल. बदामीत ऊब आहे. बदामीच लावा!"

माईने पदर तोंडाला लावला होता.

"नाना," लेक कशीबशी म्हणाली, "तुम्ही उभे आहात."

नानांनी पायांकडे पाहिलं, लांब राहिलेल्या पलंगाकडे पाहिलं. मग छाती काढून म्हणाले, "मग? बसून का भिंत रंगवतात? आणा तो ब्रश!"

पहिला हात त्यांनीच मारला. वाकडातिकडा, पण उभ्याने! तसा दिमाख मी आयुष्यात मिरवला नव्हता.

मित्रांनो, काम झालं की ब्रश धुऊन, केस सरळ करून टांगून ठेवा. आणि घरात कुणी हातपाय गाळून पडलं असेल, तर नुसती पांघरुणं घालू नका. त्याचं मत विचारा. जमलंच, तर थोडं भांडाही.