सहा चाव्यांची पोच

“याच्या सात चाब्या हायेत साहेब,” दारातून काढलेलं जुनं कुलूप तळहातावर तोलत जफर म्हणाला. “सातही मीच बनवल्या.”

नयनच्या तोंडाशी नेलेला चहाचा कप तिथंच थांबला. आर्णीतल्या या दोन खोल्यांच्या घरात सामान लागून दोन दिवसही झाले नव्हते. हे घर त्याला विकून म्हातारी हुस्नाबी लेकीकडे महागावला गेली. जाताना तिनं त्याच्या हातात एक चावी ठेवली होती आणि बोळक्या तोंडानं बराच वेळ काहीतरी सांगितलं होतं. पण नयन तेव्हा खरेदीखताच्या पानांवर सह्या नीट आल्यात का, ते पाहत होता.

मग बाकीच्या सहा कुठं आहेत, असं त्यानं विचारलं.

“गल्लीत,” जफर म्हणाला. मीठ कुठंय विचारल्यावर डब्यात म्हणावं, तसा.

नयन एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळत होता. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदाची पोच, याच्या पलीकडे जगात काही घडत असेल तर ते त्याला नियमबाह्य वाटे. नवीन घर घेतल्यावर करायच्या दहा गोष्टींचा एक व्हिडिओ त्यानं मोबाइलवर पाहिला होता. पहिली गोष्ट, कुलपं बदला. दुसरी, शेजाऱ्यांना भेटा. पहिली ऐकून त्याला इतकं पटलं की त्यानं व्हिडिओ तिथंच बंद केला.

आता त्यानं जफरला बजावलं की नवीन कुलूप असं पाहिजे, जे खुद्द जफरलाही उघडता येणार नाही. जफर या धंद्यात तीस वर्षं होता. त्यानं नयनकडे पाहिलं, हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं आणि मान हलवली. दार ओढलं की आपोआप बंद होणारं, बाहेरून चावीशिवाय न हलणारं एक जाडजूड कुलूप त्यानं बसवून दिलं. त्याच्या दोनच चाव्या. एक नयनकडे, एक त्याची बायको निकिता हिच्याकडे. ती घाटंजीच्या शाळेत शिकवायला जाई, संध्याकाळच्या बसनं येई. जुनं कुलूप जफरनं आपल्या थैलीत टाकलं.

गोष्ट इथंच संपती तर नयनचं नाव गल्लीत फार झालं नसतं. पण संध्याकाळी तो कागद घेऊन निघाला. आडव्या-उभ्या रेघा मारून त्यानं रकाने पाडले होते: अनुक्रमांक, नाव, किल्ली जमा, सही. जे कुलूप आता दारावर नव्हतंच, त्याच्या चाव्या तो घरोघर जाऊन जमा करू लागला.

कोणी नाही म्हटलं नाही. मानीबाईनं देव्हाऱ्याजवळच्या खिळ्यावरून चावी काढली. देवीलालनं सही करताना पेन चालत नाही म्हणून आपलं आणलं. आरिफानं अंगठा चालेल का विचारलं; नयननं स्टॅम्पपॅड आणलं होतं. शेवटचं घर शबानाचं, भिंतीला भिंत लागून. चावीला लाल दोरा होता.

“हुस्नाबी खालाले चक्कर येत जाय ना,” सही करता करता ती म्हणाली. “एकडाव दिवसभर पडून राह्यली बिचारी. तवापासून सकाई कोनी ना कोनी जाऊन पाहे.”

नयन “बरं, बरं” म्हणाला आणि सही रकान्याबाहेर गेलेली पाहून त्याला वाईट वाटलं. घरी येऊन त्यानं प्रत्येक चावीला क्रमांकाची चिठ्ठी बांधली, सहाही लिफाफ्यात घातल्या, आणि लिफाफा डिंकानं बंद केला. त्याचे वडील मारोतराव खाटेवरून हे पाहत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई म्हणून त्यांचा जन्म गेला होता. शाळेच्या चाव्यांचा जुडगा तीस वर्षं त्यांच्या कमरेला होता.

“काहून रे बाप्पा,” ते म्हणाले, “त्यायचा पंचनामा करून राह्यला काय?”

नयन हसला. त्याला ती शाबासकी वाटली.

गुरुवारी अकरा वाजता कचेरीत साहेबांची बैठक चालू होती. नयनचा फोन थरथरला. ‘जफर कुलूपवाला.’ वॉरंटीचं कार्ड राहिलं असेल, म्हणून त्यानं फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. चौथ्यांदा कापताना साहेबांनी वर पाहिलं, तेव्हा त्यानं फोन बंदच केला.

बैठक संपायला साडेबारा झाले. फोन चालू केला, तसा पुन्हा जफरचाच आला. आवाजात घाई नाही, चढ नाही. मारोतराव काकाजी न्हाणीत पडले होते, आता ठीक आहेत, साहेबांनी गाडी हळू चालवावी.

उखडलेलं दार अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. कुलूप मात्र शाबूत. खरंच ते जफरला उघडता आलं नव्हतं. शेवटी बिजागऱ्या कापून दारच काढावं लागलं. त्यात सव्वा तास गेला.

मारोतराव खाटेवर होते. कपाळाला आरिफाची ओढणी बांधलेली, मनगट सुजलेलं, अंगावर जफरचा चौकड्याचा शर्ट, वरपासून खालपर्यंत बटणं लावलेला. डॉक्टरला आणायला देवीलाल गेला होता.

“मी उघडा होतो ना,” मारोतराव हळूच म्हणाले. “जफर एकटाच आत आला. मले शर्ट घातला, लुंगी गुंडाळली, मंग बायांले हाक मारली.” सुजलेलं मनगट मांडीवर घेत ते म्हणाले, “पडल्याचा आवाज भिंतीतून शबानानंच आयकला. मंग मांगं उभी होती, न्हाणीच्या झरोक्यापाशी. झोपू नका, झोपू नका, म्हने. सव्वा घंटा बोलली लेक. तिच्या नंदेचं लग्न कसं मोडलं, मले सारं पाठ झालं.”

नयन खाली बसला. खाटेखाली गेलेली त्यांची चप्पल त्यानं ओढून सरळ ठेवली.

“आधी साऱ्याजनी चाबी आनाले पळाल्या होत्या म्हने,” मारोतराव भिंतीकडे पाहत म्हणाले. “सवय. खिळ्यापाशी गेल्यावर ध्यानात आलं.”

दुपारी जफरनं नव्या बिजागऱ्या लावून दार परत उभं केलं. कुलपाच्या जागी कोणतं बसवू, असं त्यानं विचारलं नाही. थैलीतून जुनं काढलं, तेलाचे दोन थेंब सोडले.

“भंगारात टाकलं नाही तुम्ही?” नयननं विचारलं.

“चालते कुलूप हाय साहेब. कायले टाकू?”

संध्याकाळी नयननं लिफाफा फाडला. कुठली चावी कोणाची, ते शोधावं लागलं नाही. चिठ्ठ्या चोख होत्या. त्या चाव्यांवरून काढून टाकायला हव्या होत्या, हे सुचलं तेव्हा तो शबानाच्या दारात पोचला होता.

लाल दोऱ्याची चावी त्यानं पुढं केली. शबानानं ओले हात ओढणीला पुसले. चावी घ्यायच्या आधी ती आत गेली, लेकराच्या दप्तरातून पेन घेऊन आली.

“सही कुठी करू, भाऊ?”

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. या माणसाची पद्धतच अशी, एवढं तिनं समजून घेतलं होतं. नयननं उगाच दोन्ही खिसे चाचपले. पेनाचं टोपण काढून ती उभी होती.