वाढ

काकूंनी गांडूळखताच्या खोक्याचं झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. आंबूस, कुबट वास. एरवी मातीत तोंड खुपसून बसणारी गांडुळं झाकणाला चिकटून बाहेर पडायची वाट शोधत होती. खाली सालं, चहाचा चोथा आणि उरलेला भात यांचा नुसता राडा. अती तिथे माती म्हणतात. इथे अती झालं होतं आणि मातीच व्हायची थांबली होती.

"अहो, मेली की हो तुमची मंडळी!" काकू गॅलरीतून ओरडल्या आणि लगेच जीभ चावली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला असं सांगतात का?

गांडुळांचा हा संसार काकांचा. बस डेपोतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो हौसेनं थाटला होता. काकूंचा जन्म मेसमध्ये गेला, रांधण्यात आणि वाढण्यात. मग काकांचं अर्धं अंग लुळं पडलं. वाचा गेली, गिळणंही गेलं. नाकातून नळी आली. तिच्यातून पातळ काहीतरी पोटात सोडायचं, कूस बदलायची, चादर बदलायची, की पुन्हा नळीची वेळ. काकूंना आरशात बघायलाही फुरसत उरली नव्हती.

पुढे काकांना एक शब्द तेवढा परत सापडला. "वाढ." स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ते तो म्हणत. त्या दारापलीकडेच गॅलरी.

"वाढते हो, तुमच्या लाडक्यांना आधी!" म्हणत काकू खोक्यात सालं टाकत. ते पुन्हा म्हणाले, की पुन्हा. नवरा दुसरं काही मागतच नव्हता, मग एवढं तरी का मोडायचं? स्वतः मात्र त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून चार घास पोटात ढकलत. ज्याला खाता येत नाही, त्याच्या डोळ्यांदेखत जेवायचं तरी कसं?

आज त्यांनी खोकं उचलून थेट पलंगापाशी आणलं.

"बघा. तुम्हीच म्हणता ना, वाढ, वाढ? वाढून वाढून जीव घेतला मी यांचा."

काकांनी खोक्यात पाहिलं. मग मान हलवली, नाही म्हणून. चांगला हात हळूहळू वर आला आणि त्यांच्याच छातीवर टेकला.

"वाढ," ते म्हणाले.

काकूंनी खोकं खाली ठेवलं. मेसमधल्या पोरांची भूक त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळायची, आणि घरचा माणूस रोज तोंडानं मागत होता तर त्या किड्यांना जेवू घालत होत्या.

नळी बघायला येणाऱ्या सिस्टरला त्यांनी फोन लावला.

"तोंडानं काही नाही हं काकू," सिस्टर म्हणाली. "ठसका लागला तर जिवावर बेतेल. फार तर ओठाला बोट लावा. त्याच्या पुढे नाही."

काकूंनी खोक्यातला राडा उपसला. कोरडे कागद फाडून आत पसरले. "राहा आता थोडं उपाशी. तुम्हाला तेवढंच बरं," त्या गांडुळांना म्हणाल्या. हात खसखसून धुतले आणि भात, भाजी असा साधाच स्वयंपाक केला.

मग दोन ताटं घेतली, एक काकांचं, एक स्वतःचं. काकांना उशांनी टेकवून बसवलं आणि एक ताट त्यांच्या पुढ्यात नीट वाढलं, वाफाळता भात, बाजूला भाजी, कडेला चिमूटभर मीठ. काका कितीतरी वेळ ताटाकडे बघत राहिले. डोळे मिटून त्यांनी वाफ हुंगली. काकूंनी भाजीच्या रसात बोट बुडवून त्यांच्या ओठांवरून फिरवलं.

"लागतंय का काही?"

काकांच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या. काकूंचं बोट पुन्हा ताटाकडे वळलं, तसा त्यांनी चांगला हात उचलला. तो पुढे आणला आणि पोटभर जेवलेल्या माणसासारखा ताटावर आडवा धरला.