ठेवायचं की हटवायचं

“सिस्टर, सापडलं! लाल रंगात आलंय बघा!” शेजारचे भूगोलाचे मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

सिस्टरनी चष्मा सरळ केला. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि कॉम्प्युटरची तपासणी एकसष्ट टक्क्यांवर आली होती. “सापडणारच. चार वर्षं उघडंच पडलंय हे मशीन,” त्या म्हणाल्या. आपण बरोबर होतो याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

सिस्टर एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये त्यांना दुसरं नाव नाही. त्यांचं काम म्हणजे मोजणं. पोट शिवायच्या आधी चिमटे, कात्र्या, गॉजचे तुकडे मोजायचे, आणि आकडा जुळेपर्यंत भल्याभल्या सर्जनला टाका घालू द्यायचा नाही. एक सर्जन त्यांना पाठीमागे ‘जकात नाका’ म्हणायचे. अशी बाई अँटिव्हायरस काय डोळे मिटून निवडणार?

गेल्या महिन्यात मास्तरांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि शाळेच्या सहलींचे चाळीस वर्षांचे फोटो कायमचे कुलूपबंद झाले. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. सिस्टरच्या कॉम्प्युटरमध्येही एक गोष्ट होती, जी गेली तर त्या जेवल्या नसत्या. त्यांनी वही काढली, तीन अँटिव्हायरसचे तीन रकाने आखले. पहिला सारखा ‘आत्ताच घ्या, नाहीतर सगळं जाईल’ असं बजावत होता. घाबरवून औषध विकणाऱ्याला त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. दुसऱ्याच्या हेल्पलाइनवर वीस मिनिटं नुसती धून वाजली. तिसऱ्याच्या हेल्पलाइनवर एका मुलीने फोन उचलला, “माहीत नाही मॅडम, विचारून सांगते,” म्हणाली आणि खरंच विचारून सांगितलं. तिसरा पास झाला.

विरोध होता तो फक्त मुलाचा. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि दर रविवारी दहाला फोन करायचा. “आई, काही टाकू नकोस गं त्यात. स्लो होतं ते. मी आल्यावर बघू,” असं तो चारदा म्हणाला. आपल्याला जमणार नाही असं त्याला वाटतंय, असा सिस्टरनी अर्थ काढला आणि त्या इरेला पेटल्या.

एरवी मुलाबद्दल तक्रार नव्हती. “हा गुडघ्याचा पट्टा परवा आला,” तपासणी सुरू करतानाच त्यांनी मास्तरांना दाखवला होता. “मी अवाक्षर बोलले नव्हते हो. कशी आहेस म्हणून विचारतसुद्धा नाही तो. त्याला आपोआप कळतं.” हे त्यांनी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून झालं होतं.

मास्तरांनी लाल ओळ मोठ्याने वाचली. “नजर ठेवणारा प्रोग्रॅम. टाईप केलेला मजकूर नोंदवून पाठवतो. खाली दोन बटणं आहेत. ठेवा, हटवा.”

“पाठवतो? कुणाला?”

सिस्टरनी हेल्पलाइनला फोन लावला. तीच मुलगी होती. तिने सांगितलं तसं मास्तर एकेक खिडकी उघडत गेले.

“रिपोर्ट कुठे पाठवायचा, असं दिसतंय का मॅडम? त्याच्यापुढे ई-मेल असेल. ओळखीचा आहे का?”

होता. मुलाचं लाडाचं नाव आणि त्यापुढे त्याचं जन्मवर्ष. खाली प्रोग्रॅम बसवल्याची तारीख होती, सिस्टरचा नवरा गेल्यानंतरचा अकरावा दिवस. तेव्हा मुलगा रजा काढून पंधरा दिवस राहिला होता. त्यानेच हा कॉम्प्युटर आणला, त्यानेच सगळं बसवून दिलं. “लिहीत जा आई, मन हलकं होईल,” म्हणाला होता.

सिस्टरच्या हातून फोन पडला नाही. त्यांच्या हातून कधीच काही पडत नसे. मुलीचे आभार मानून त्यांनी फोन नीट जागेवर ठेवला आणि मग मात्र टेबलाची कड घट्ट धरली.

“अहो, मुलगाच आहे, परका थोडीच! काळजीपोटी केलं असेल,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, तुम्ही जरा घरी जाता का?”

मास्तर चहा अर्धा टाकून गेले.

सिस्टरनी ‘स्टॉक रजिस्टर’ नावाची फाइल उघडली. कुणाला उघडावीशी वाटू नये म्हणून त्यांनी मुद्दाम असं रुक्ष नाव दिलं होतं. आत नवऱ्याला लिहिलेली पत्रं होती. रोज संध्याकाळी एक, चार वर्षं. त्यांनी वही पुढे ओढली आणि दोन रकाने आखले. इकडे काय लिहिलं, तिकडे काय आलं. ‘मिक्सर फार खरखरतो हो.’ नऊ दिवसांनी मिक्सर. ‘थंडी हाडात शिरते.’ आठवड्यात गरम पाण्याची पिशवी. ‘जिना चढताना गुडघा ठणकतो.’ पट्टा. सतरा वस्तू, सतरा नोंदी. मोजणी जुळली. आकडा जुळल्यावर धडकी भरायची ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ.

पुढे वाचू नये हे कळत असून त्या वाचत गेल्या. दोन वर्षांपूर्वीचं पत्र. ‘त्याच्याकडे महिनाभर राहून आले. पाहुणीसारखी बसून होते. सूनबाई चांगली आहे, पण तिचं चांगलं वागणंच मला खुपतं. आपल्या मुलात तुमचं काहीच उतरलं नाही. घरात तोंड उघडत नाही. पुन्हा नाही जायचं.’ त्यानंतरच्या रविवारपासून मुलगा ‘ये ना राहायला’ म्हणायचा थांबला होता. आणि खाली चार महिन्यांनी, ‘आता बोलावतसुद्धा नाही हो मला.’

म्हणजे हेही त्याने वाचलं होतं. दोन्ही वाचलं होतं. वाचून गप्प राहिला होता आणि गरम पाण्याची पिशवी पाठवली होती. सिस्टरनी तोंडावर हात दाबला. राग कुणाचा यावा तेच त्यांना कळेना. त्यांना त्याची लाज वाटली, आपली वाटली, आणि बिल्डिंगभर मिरवलेल्या त्या ‘आपोआप’ची सगळ्यात जास्त वाटली.

पडद्यावर दोन बटणं तशीच होती. ठेवलं तर वस्तू येत राहणार होत्या. हटवलं तर पत्रं न वाचता मुलाला आपल्याबद्दल किती कळतं ते उघडं पडणार होतं. सिस्टर पाच वाजेपर्यंत बसून राहिल्या. मग त्यांनी ‘हटवा’ दाबलं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. रविवार नव्हे, बुधवार होता.

“आई,” मुलगा म्हणाला आणि थांबला. मागे त्याच्या ऑफिसातली गडबड ऐकू येत होती.

“आई, कशी आहेस?”

चार वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. त्याचा आवाज तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या मुलासारखा कापत होता. सिस्टरनी पायाने खुर्ची ओढली, गुडघ्यावरचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि बसल्या.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “वेळ आहे ना तुला?”